यान कुणाच्या वाट्याचा

मला ती नोकरी मिळाली मराठी येत होतं म्हणून, आणि मराठी कशाला हवं होतं, तर शिव्या ऐकून घ्यायला. हे नंतर कळलं. मुलाखतीच्या दिवशी मी नवाकोरा ब्लेझर चढवून, पुण्याच्या एलएलबीचं सर्टिफिकेट छातीशी धरून, एकावन्न वर्षांची बालिका बनून टांजोंग पगारच्या त्या काचेच्या इमारतीत गेले होते. नवऱ्याच्या बँकेच्या नोकरीमुळे सिंगापूरला आलेली, मुलगा पॉलिटेक्निकला, घरी दिवसभर वॉशिंग मशीनशी गप्पा. आता जग माझी वाट बघतंय, अशी माझी समजूत होती. आज त्या बाईला रस्त्यात गाठून तिच्या ब्लेझरची लोंबणारी लेबलं कापावीशी वाटतात. हो, ती तशीच होती. मला सर्टिफिकेट दिसलं, लेबलं नाही दिसली.

साहेबांनी सर्टिफिकेटकडे पाहिलंसुद्धा नाही.

"घरी कोणती भाषा बोलता?"

"मराठी."

"शुद्ध, की खरी?"

"दोन्ही येतात."

"सोमवारपासून या."

साहेबांचं नाव लिहीत नाही. ते अजून आहेत, आणि अजून चिडतात. माणूस मूळचा सोलापूरचा. अर्धं आयुष्य ब्रसेल्सच्या एका वकिली फर्ममध्ये काढून मग आमच्या कंपनीचा कायदेविभाग सांभाळायला इथे आलेला. इंग्रजी असं मऊ बोलायचे की समोरच्याला वाटावं, आपल्या अंगावर कुणी शाल पांघरतंय. पण राग आला की त्याच मऊ सुरात, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, ते मराठीत यायचे. त्यासाठी मिटिंगमध्ये त्यांच्या डाव्या हाताला मला बसवलेलं असे. मार्केटिंगचा प्रमुख तासभर काहीतरी सांगायचा. साहेब म्हणायचे, "व्हेरी इंटरेस्टिंग." आणि मग माझ्याकडे वळून, "बाई, या गृहस्थांच्या डोक्यात भुसा भरायचासुद्धा देवाने कंटाळा केलाय."

आमचे एमडी लगेच विचारायचे, "व्हॉट डिड ही से?"

"सर इज अप्रिशिएटिंग द एफर्ट," मी म्हणायची. पगार त्याचाच होता.

एमडी इथलेच. हुशार, हसतमुख, हातात सदोदित थंडगार चहाचा प्लास्टिकचा पेला. प्रत्येक कटकटीवर त्यांचं एकच औषध होतं, "नो नीड, लाह." साहेबांचं त्यांच्याशी वाकडं होतं असं नाही. साहेबांचं वाकडं होतं ते 'हे माझं काम नाही' या वाक्याशी. हे वाक्य कुठेही ऐकू आलं की माणूस पेटायचा. एकदा आमच्या लिफ्टच्या दाराशी एक मैना मरून पडली. निम्मी आमच्या गालिच्यावर, निम्मी इमारतीच्या फरशीवर. आमचा सफाईवाला म्हणाला, डोकं तिकडे आहे, ती इमारतीची. इमारतीचा म्हणाला, पाय तिकडे आहेत, ती तुमची. साहेब सगळी सकाळ त्या मैनेशेजारी छत्री टेकून उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून विचारत होते, "ही कुणाच्या अखत्यारीत?" शेवटी इमारतीचा मॅनेजर आणि आमचा ॲडमिनवाला दोघं एकत्र येऊन ती उचलेपर्यंत हलले नाहीत. मी लाजेने पॅन्ट्रीत लपले होते. ब्लेझरवाल्या बाईंना लोक काय म्हणतील, ही फार मोठी चिंता होती तेव्हा.

आता धंदा सांगते. फ्रीजच्या दाराला आतून जी रबरी पट्टी असते, जिच्या घडीत काळं साचतं आणि जी दिवाळीला जुन्या टूथब्रशने घासावी लागते, ती आमची कंपनी बनवायची. हसू नका. जगातल्या प्रत्येक फ्रीजला ती लागते. कंपनीने युरोपातला एक जुना कारखाना विकत घेतला, आणि मग उघडकीला आलं की त्या कारखान्याची माणसं गेली कित्येक वर्षं बाकीच्या पट्टीवाल्यांबरोबर विमानतळाजवळच्या हॉटेलात बसून भाव ठरवत होती. कुणी किती वाढवायचा, कुणी कुणाच्या गिऱ्हाईकाला हात लावायचा नाही, सगळं कॉफी पीत, सभ्यपणे.

हे तिकडे मोठं पाप आहे. आणि या पापाची पोलिसगिरी कशी चालते, हे समजावताना साहेबांनी मला ऑफिसात नाही, हॉकर सेंटरला नेलं, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या बाजारात.

जेवायच्या वेळेची ती झुंबड. सिंगापुरात टेबल धरायचं असेल तर त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवून जेवण आणायला जातात, आणि ते दहा पैशाचं पाकीट कुणीही हलवत नाही. साहेबांनी पाकीट ठेवलं आणि म्हणाले, "बाई, युरोपात कायदा एक, पण तो राबवणारी ऑफिसं अनेक. एक ब्रसेल्सचं, अख्ख्या युरोपीय संघाचं. आणि शिवाय प्रत्येक देशाचं आपापलं. सगळी एकमेकांशी बोलतात आणि कुठलं प्रकरण कुणी घ्यायचं ते वाटून घेतात. मोठं असलं, पुष्कळ देशांत पसरलेलं असलं, की ब्रसेल्स घेतं. मग बाकीच्यांनी हात काढायचे. लहान असलं की ब्रसेल्स म्हणतं, तुम्ही बघा. कळलं?"

"कळलं."

"नाही कळलं. जो आधी जाऊन कबुली देतो त्याला पूर्ण माफी. पहिल्याला. दुसऱ्याला नाही. म्हणजे आधी जाऊन हे पाकीट ठेवायचं. आता सांगा, तुम्ही बुकित बातोकला राहता. तिथल्या टेबलावर तुम्ही टिश्यू ठेवलात, म्हणून यिशुनच्या टेबलावर तुमची जागा राहील का?"

"छे! यिशुनला कसं कळणार?"

"फोनवर बोलतात ना ती ऑफिसं एकमेकांशी. कळेल की."

"कळलं तरी काय? टिश्यू तिथे नाही."

साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, आता पगार वाढणार. "बाई, हे एवढंच समजायला आपल्या बोर्डावरच्या माणसांना काय होतं?"

मी त्या भरात घरी जाऊन युरोपचा नकाशा केला. प्रत्येक देशाला वेगळा रंग, पिवळे तारे, आणि मध्ये ब्रसेल्सकडे जाणारा एक लठ्ठ लाल बाण. दुसऱ्या दिवशी मोठ्या तोऱ्यात पडद्यावर लावला. साहेब बराच वेळ बघत राहिले. "रांगोळी छान आहे," म्हणाले. "आता यावर पाय न देता पलीकडे कसं जायचं ते सांगा."

एमडींना मात्र तो लठ्ठ बाण फार आवडला. त्यांच्यापुढे सगळं सरळ होतं. आपण एक अर्ज ब्रसेल्सला टाकायचा. ब्रसेल्स म्हणजे हेड ऑफिस. हेड ऑफिसला कळलं की ब्रांचला कळलंच. यात त्यांचा दोष एवढाच की ते सिंगापुरात वाढले. इथे पास हवा, एक अर्ज. फ्लॅट हवा, एक अर्ज. एका खिडकीवर कागद दिला की आतल्या आत तो सगळीकडे फिरतो आणि तुमच्या फोनवर मेसेज येतो. अख्खं जग असंच चालतं, असं वाटण्याइतकं इथलं सगळं सुरळीत. मलाही वाटायचं. दोन वर्षांत मी पक्की सिंगापुरी झाले होते. रांग दिसली की आधी उभी राहायची आणि कशाची आहे ते मग विचारायची.

आणि मग यान आला.

नाव बदललंय. त्याचा देशही सांगत नाही. त्या जुन्या कारखान्याचा विक्री अधिकारी, ताडमाड उंच, गोबऱ्या गालांचा, खिडकी उघडायच्या आधीसुद्धा विचारणारा माणूस. हॉटेलातल्या त्या बैठकांना वरिष्ठांच्या हुकुमाने तोच जायचा. वरिष्ठ कारखाना विकून, पैसे घेऊन, बागकाम करत होते. तो एकटा उरला होता, ज्याला सगळं ठाऊक होतं. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय कंपनीला कबुली देता येत नव्हती. म्हणून त्याला इथे बोलावून घेतलं.

साहेब आणि मी त्याला जेवायला घेऊन गेलो. मी-गोरेंग नावाच्या इथल्या तिखट नूडल्सच्या पहिल्याच घासाला त्याचे डोळे वाहायला लागले. रुमाल काढून टिपत म्हणाला, "सॉरी. मी अजून रडत नाहीये. हे तिखट आहे." पंख्याखाली बसूनही त्याचा शर्ट भिजला होता. बायको शाळेत नर्स, एक मुलगी, घराचं कर्ज. आणि त्याच्या देशात या गुन्ह्यासाठी नुसता कंपनीला दंड नाही, भाव ठरवणाऱ्या माणसालाही शिक्षा. तुरुंगसुद्धा. ब्रसेल्स फक्त कंपन्यांना धरतं. माणसांना धरायचं की नाही, ते ज्याचं त्याचं. त्याच्या देशात माफीच्या रांगेत पहिल्या आलेल्या कंपनीची माणसंही सुटायची. पण रांग तिथली. टिश्यू तिथल्या टेबलावरचा.

हे सगळं यानला माहीत होतं. मिटिंगला बसायच्या आधी त्याने एकच विचारलं, "हे माझ्यावर येणार नाही ना?"

साहेब म्हणाले, "बोलण्याआधी स्वतःचा वकील करा."

एमडी हसले. "वी टेक केअर ऑफ अवर पीपल." आणि साहेबांकडे वळून, माझ्यादेखत, "ब्रसेल्सला टाकू, त्याच्या देशातही आजच टाकू. बाकीच्या ठिकाणीही. कागद तयार ठेवा. ओके?"

"ओके," साहेब म्हणाले. आणि यानला म्हणाले, "तुमच्या देशातही आज अर्ज जातोय. मी स्वतः बघतो."

ते वाक्य मी ऐकलं. मी शपथेवर सांगेन. पुढे साहेबांनी शपथेवर सांगितलंच.

यान सकाळभर बोलला. मोठ्या माणसांची नावं सांगताना त्याचा आवाज बारीक व्हायचा. स्वतःचं नाव मात्र ठळकपणे सांगायचा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं झालं. आता आम्ही युरोप उघडायची वाट बघत बसलो. आमच्याकडे दुपार कलायला लागली की तिकडे ऑफिसांची कुलपं निघतात. साहेब घड्याळाकडे बघत, बशीत ओतून काळी कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत होते. ब्रसेल्सचे वकील फोनवर आले. यानच्या देशातले वकील दुसऱ्या फोनवर आले. सगळ्यांचं गुड मॉर्निंग झालं.

एमडी आत आले, थंड चहाचा पेला घेऊन.

"होल्ड ऑन," म्हणाले. "आधी ब्रसेल्सच. बाकीचं बघू. झोपलेल्यांना उठवायचं कशाला?"

साहेब शांत होते. "सकाळी आपण ठरवलं होतं."

"सकाळी मला पूर्ण चित्र माहीत नव्हतं. इतक्या देशांत आपणच जाऊन सांगायचं की आम्ही चोर? शेअरहोल्डर्सना काय सांगू? एचक्यूला कळलं ना, झालं. नो नीड, लाह."

"त्याच्या देशात तरी टाकू द्या. तेवढ्या एकाच. तो माणूस तुमच्या शब्दावर बोललाय."

"सी हाऊ."

सी हाऊ म्हणजे बघू. इथल्या भाषेत त्याचा अर्थ नाही असा होतो. साहेब माझ्याकडे वळले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ राहिला नाही. "बाई, याने सकाळी माणसाला बोलावून त्याच्या तोंडातलं काढून घेतलं आणि दुपारी हात पुसले."

"व्हॉट डिड ही से?"

"ही इज रिमाइंडिंग यू अबाउट द मॉर्निंग."

"मॉर्निंग इज मॉर्निंग," एमडी म्हणाले आणि गेले.

ब्रसेल्सचा अर्ज तेवढा गेला. कंपनीच्या सहीशिवाय यानच्या देशातला वकील अर्ज टाकू शकत नव्हता. त्या आठवड्यात साहेब रोज एमडींच्या केबिनबाहेर बसले. सेक्रेटरी रोज सांगायची, सर बिझी आहेत. साहेब रोज म्हणायचे, मी नाही. शेवटी एमडी मागच्या लिफ्टने जायला लागले.

आणि मग व्हायचं तेच झालं. स्पर्धक पट्टीवाल्यांपैकी एकाला वास लागला. त्याने शहाणपणाने नेमक्या यानच्या देशात जाऊन टिश्यू ठेवला. काही महिन्यांनी ब्रसेल्सने कळवलं की हे प्रकरण दोन-तीन देशांपुरतंच आहे, ते देशच ते अधिक चांगलं हाताळतील, सबब आम्ही पुढे नेत नाही. नियमाला धरून. शिष्टपणे. माझ्या रांगोळीतला तो लठ्ठ बाण जिथे जाऊन थांबत होता, तिथे आता कुणीच उभं नव्हतं. तिथून पुढे ते यानच्या देशाच्या ऑफिसकडे गेलं, आणि तिथल्या रांगेत पहिला होता दुसराच. त्याला माफी, त्याच्या माणसांना माफी. आमच्या कंपनीला दंड. आणि यानला समन्स.

साहेबांनी ब्रसेल्सला फोन लावला. ओळखीचा माणूस होता, जुन्या दिवसांतला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"हे परत तुमच्याकडे घ्या," साहेब म्हणाले. "तुम्हाला तो अधिकार आहे. तुम्ही घेतलंत की त्यांना सोडावं लागेल."

"सर, आम्ही अशी प्रकरणं आपापसांत वाटून घेतो. ज्याला सोयीचं, त्याच्याकडे. यात गैर काय झालं?"

"काम वाटून घेतलंत. माणूस कुणाच्या वाट्याचा?"

"सर?"

"यान. तो तुमच्याकडे आलेल्या कबुलीत बोलला. आता ते तुमच्याकडे नाही. जिथे आहे तिथे तो कबुलीदार नाही, आरोपी आहे. तो कुणाच्या अखत्यारीत?"

पलीकडचा माणूस चांगला होता हो. त्याने खरोखर विचार केला. मग म्हणाला, "आम्ही व्यक्तींबद्दल निर्णय घेत नाही."

साहेबांनी फोन ठेवला. मराठीतही काही बोलले नाहीत. मी वाट बघत बसले. शिव्या ऐकायचा पगार घेणाऱ्या बाईला शिवी नाही मिळाली की किती असहाय वाटतं, ते त्या दिवशी कळलं.

चीड मला इथेच येते. अजून येते. नात म्हणते, "आजी, व्हाय यू स्टिल सो अँग्री? सो लाँग अगो, लाह." तिला काय सांगू? कुणी दुष्टपणा केला असता तर त्याचं नाव घेऊन कडाकडा बोटं मोडली असती. ब्रसेल्स नियमाने वागलं. त्या देशाचं ऑफिस नियमाने वागलं. दोघांनी एकमेकांना सभ्य पत्रं लिहिली. सगळे आपापल्या रेषेच्या आत. आणि रेषेवर एक घामाघूम झालेला माणूस उभा, ज्याने खरं सांगितलं होतं.

नाही, दुष्टपणा केला होता. एकाने. त्याचाही दिवस आला.

मिटिंगमध्ये एमडींनी सांगितलं की कंपनी चौकशीत संपूर्ण सहकार्य करते आहे. "अँड अबाउट दिस यान. बैठकांना तो गेला होता, आपण नाही. अशी वागणूक आपण खपवून घेत नाही. टर्मिनेट." एचआरने मान डोलावली.

साहेब हाताची घडी घालून बसले होते. ते म्हणाले, "बाई, आज भाषांतर करा. जसंच्या तसं. रांगोळी नको."

"करते."

"यांना सांगा, तुम्ही एका माणसाला शब्द देऊन बोलतं केलंत. त्याच्या बोलण्यावर स्वतःसाठी माफी मागितलीत. त्याच्यासाठी मागायची ती दुपारी विसरलात. आणि आता त्याने जे सांगितलं त्याच्यासाठीच त्याला काढताय. तुम्ही विसरभोळे नाही. तुम्ही चोर आहात."

"व्हॉट डिड ही से?"

ब्लेझरवाल्या बाई उभ्या राहिल्या. उभं राहायची काही गरज नव्हती, पण शाळेत उत्तर द्यायला उठायचो तशी उठले. आणि सगळं सांगितलं. एकेक वाक्य. शेवटचं सांगताना माझं इंग्रजी घसरलं आणि "यू आर थीफ" असं काहीतरी निघालं. मार्केटिंगच्या प्रमुखाने खाली बघून पेन्सिल मोडली. तेव्हा वाटलं होतं, आता पृथ्वी दुभंगणार. एमडी चहाचा घोट घेऊन म्हणाले, "नेक्स्ट आयटम?"

पृथ्वी दुभंगली नाही. मला ॲडमिनला पाठवलं, कुंड्यांतल्या झाडांचं कंत्राट बघायला. मी ती झाडं कशी जगवली ते पुन्हा कधीतरी विचारा, सगळी मेली. साहेबांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. कंपनीच्या वकिलांनी त्यांना बजावलं: ऑफिसातलं बाहेर बोललात तर दावा लावू, सनद घालवू. साहेब म्हणाले, "लावा. कुठल्या कोर्टात लावायचा ते आधी नीट ठरवा, नाहीतर तिथेही चुकाल." आणि स्वतःच्या खर्चाने यानच्या खटल्यात साक्ष द्यायला गेले.

तिथे त्यांनी सांगितलं: याला बोलायला आम्ही लावलं. तुमच्याकडे अर्ज येईल, असं त्याला मी सांगितलं. तो आला नाही, यात याचा काही दोष नाही. साहेब तिथून मला फोनवर म्हणाले, न्यायाधीशांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा चष्मा पुसला. तुरुंग टळला. पण दोषी ते दोषीच. खरं सांगणाऱ्याला वगळायची जागाच त्या कायद्यात नव्हती. रांगेतल्या पहिल्याच्या माणसांना होती.

नंतर साहेब वुडलँड्सला एका लहानशा भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. नोकरी कुणी दिली नाही. बोलणारा वकील कोण ठेवणार? मी अधूनमधून डबा घेऊन जायची. दार उघडताच सुरू: वरच्या मजल्यावरचे कपडे खाली ठिबकतात, टाउन कौन्सिल म्हणतं घरमालकाला सांगा, घरमालक म्हणतो कौन्सिलला सांगा. "बाई, पाणी कुणाच्या अखत्यारीत?" मी म्हणायची, साहेब, आधी पोळी खा. ते खायचे आणि खाता खाता चिडायचे. केस कापायला बस पकडून पुलापलीकडे मलेशियातल्या जोहोरला जायचे, आणि परत येताना सरहद्दीवर दोन्हीकडच्या शिपायांना विचारायचे की पुलाच्या बरोबर मध्यावर कुणाला चक्कर आली तर उचलणार कोण. एकदा तर म्हणे एकाने त्यांनाच बाजूला घेतलं.

जवळजवळ दशक उलटलं होतं तेव्हा एका दुपारी त्यांचा फोन आला. मी निवृत्त झाले होते, नातीला झोपवत होते.

"बाई, युरोपने कायदा केला."

"कसला?"

"प्रत्येक देशाला सांगितलंय, माफी मागणाऱ्या कंपनीची जी माणसं खरं सांगतील त्यांना शिक्षेपासून सांभाळा. ऑफिस कुठलंही असो. दुसऱ्या देशातलं असो, ब्रसेल्स असो. पंचाईत आहे, हे त्यांच्या लक्षात आलं."

मी किंचाळलेच. नात जागी झाली. "साहेब! म्हणजे तुम्ही बरोबर होतात! अभिनंदन! पेढे आणते, थांबा." इतक्या वर्षांनंतरही माझं डोकं तसंच होतं, त्या ब्लेझरमध्ये बसेल एवढंच.

"यानला फोन केला मी," साहेब म्हणाले. "तो आता गोदामात रात्रपाळी करतो. नोकरीचा प्रत्येक अर्ज विचारतो, शिक्षा झाली आहे का? आणि त्याला हो म्हणावं लागतं. मी त्याला कायदा वाचून दाखवला. अख्खं कलम. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, हे मागच्यांना लागू आहे का? मी म्हटलं, नाही. पुढच्यांना."

"मग?"

"तो म्हणाला, मग मला कशाला सांगितलंत?"

नात रडायला लागली होती. मी तिला खांद्यावर घेतलं.

"बाई," साहेब म्हणाले, "तुम्ही सांगा. मी कशाला सांगितलं त्याला?"

मला शंभर गोड उत्तरं सुचली. भाषांतर करायची सवय होती ना. "कारण तुम्हाला कुणीतरी बरोबर होतात म्हणायला हवं होतं," मी म्हटलं. "आणि तेही त्याने."

मग आवाज आला, मोठा, फाटका, मुळीच मऊ नाही.

"आणि त्याने काय म्हणायला हवं होतं, तेही सांगा. शिवी द्यायला हवी होती. मला. त्याने दिली नाही हो, बाई! त्याने थँक यू म्हटलं!"